‘असेल’ आणि ‘असलंच पाहिजे’: पुण्यातले दोन मृत्यू, दोन न्यायमूर्ती

‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ हा फ्रेंच सिनेमा २०२३ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. दिग्दर्शिका जस्टीन त्रिए. पुढच्या वर्षी त्याच्या पटकथेला ऑस्करही मिळालं. गोष्ट तशी साधी आहे. ग्रेनोबलजवळच्या बर्फाळ डोंगरात एक जोडपं राहतं. ती जर्मन लेखिका, नवरा फ्रेंच. एक दिवस नवरा घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मरतो. घरात त्या वेळी फक्त बायको असते. अकरा वर्षांचा, दृष्टी अधू असलेला मुलगा कुत्र्याला घेऊन फिरायला गेलेला असतो. तो पडला, त्याने उडी मारली की त्याला ढकललं? अडीच तासांचा सिनेमा संपतो, बाई निर्दोष सुटते, आणि खरं काय घडलं ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

सिनेमा आवडला, पण मला तो परका वाटला नाही. अशा मृत्यूंची आपल्याकडे काय कमी आहे? आमच्या अड्याळात पोलीस ठाणं आहे. विहिरीत कुणी सापडलं, फवारणीचं औषध कुणाच्या पोटात गेलं, तर आधी मर्ग दाखल होतो. घातपाताचा संशय बळावला तर गुन्हा, मग पवनीचं कोर्ट, खून असेल तर भंडाऱ्याचं सत्र न्यायालय, अपील नागपूरला. पण गावाचा निकाल याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. ‘काहीतरी काळंबेरं आहे’ हे वाक्य प्रेत घरी येण्याआधी चौकात पोहोचतं. दफनविधीला जमलेली माणसंसुद्धा कबरीवर माती टाकता टाकता हलक्या आवाजात तेच बोलतात.

चार भिंतींच्या आत झालेला मृत्यू, डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नाही, आणि न्यायाधीशाने ठरवायचं. या पेचावर भारतीय कायद्यात आज जे काही उभं आहे, त्याचा मोठा भाग महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांतून आला. दोन्ही पुण्याचे. दोन्हींत मरणारी स्त्री, दोन्हींत प्रश्न विषाचा. आणि दोन्हींत सर्वोच्च न्यायालयाचं मुख्य निकालपत्र लिहिणारा न्यायमूर्ती मुसलमान. गंमत अशी की निकाल एकमेकांच्या उलट लागले. एकात विष कधीच सापडलं नाही, तरी आरोपी दोषी ठरला. दुसऱ्यात विष सापडलं, तरी आरोपी सुटला.

रात्रीची गाडी, बेवारस प्रेत

पहिला खटला डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा. पुण्याच्या शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या विधवा बाई राहत. नवरा १९४५ मध्ये गेलेला, घर आणि पैसा मागे राहिलेला. त्यांना मधुमेह होता. त्यांच्याच वाड्यात राहणारे डॉ. लागू त्यांच्यावर उपचार करत आणि त्यांचे व्यवहारही पाहत.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघं पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसले. सांगितलेलं कारण असं, की मुंबईच्या एका नामांकित डॉक्टरांना प्रकृती दाखवायची आहे. पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्यांना दाखल केलं गेलं, पण लक्ष्मीबाई कर्वे या नावाने नाही. त्याच दिवशी दुपारच्या आत त्या गेल्या. लागूंनी प्रेत ताब्यात घेतलं नाही, नातेवाइकांना कळवलं नाही, ते पुण्याला परतले. प्रेत बेवारस म्हणून पडून राहिलं. शवविच्छेदन झालं तेव्हा बरेच दिवस उलटले होते. रासायनिक तपासणीत कुठलंही विष सापडलं नाही.

पण लागूंच्या लेखी बाई मेल्याच नव्हत्या. त्यांच्या नावाने नातेवाइकांना पत्रं येऊ लागली. मी तीर्थयात्रेला निघाले, मी पुन्हा लग्न केलं, जोशी नावाच्या गृहस्थांबरोबर राजस्थानात राहते, शोध घेऊ नका. दुसरीकडे बाईंचे पैसे, शेअर, घरातलं सामान लागूंच्या हाती जात राहिलं. दीड वर्षानंतर, १९५८ मध्ये, हे सगळं उघडकीला आलं. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि प्रकरण दिल्लीला गेलं.

तिथे १४ डिसेंबर १९५९ ला बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांनी. हे आपल्याच भागातले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, केंब्रिजला जाऊन आले, १९३० पासून नागपुरात वकिली केली, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच न्यायालयाच्या कक्षेत होता. पुढे १९६८ मध्ये ते भारताचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झाले, त्यानंतर उपराष्ट्रपतीही.

बचावाचा मुद्दा वजनदार होता. विषप्रयोगाच्या खटल्यात तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: मृत्यू विषाने झाला, विष आरोपीजवळ होतं, ते देण्याची संधी त्याला होती. इथे तर विषच नाही. हिदायतुल्लांनी सांगितलं की या तिन्ही गोष्टी परिस्थितीवरूनही सिद्ध होऊ शकतात. डॉक्टर असलेल्या माणसाने सहज न सापडणारं विष निवडलं म्हणून तो सुटणार असेल, तर जितका हुशार गुन्हेगार तितकी सुटका सोपी होईल. मधुमेहाने बेशुद्धी आली म्हणावी तर तशी लक्षणं नव्हती. आणि मृत्यूनंतरचं वागणं? आपला रुग्ण नैसर्गिकरीत्या मेला असेल तर डॉक्टर खोटं नाव का सांगेल, प्रेत टाकून का जाईल, मेलेल्या बाईचं लग्न का लावून देईल? यातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर एकाच दिशेने जात होतं.

तरी तीन न्यायमूर्तींपैकी ए. के. सरकार यांचं मत वेगळं पडलं. माणूस लबाड होता, मेलेल्या बाईचा पैसा त्याने लुबाडला, हे सगळं मान्य. पण त्यावरून खून केला हे सिद्ध होतं का? मला हे मतभेदाचं निकालपत्र तितकंच महत्त्वाचं वाटतं. एकच पुरावा, तीन जाणती माणसं, आणि एका माणसाच्या जिवाचा प्रश्न. तिथेही एकमत झालं नाही.

बीडच्या मैत्रिणीला लिहिलेलं पत्र

दुसरा खटला मंजुश्री सारडाचा. ती बीडची. ११ फेब्रुवारी १९८२ ला तिचं लग्न झालं. नवरा केमिकल इंजिनियर, पुण्यात व्यवसाय. चारच महिन्यांनी, ११ आणि १२ जूनच्या मधल्या रात्री, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ती मरण पावली. इथे विष सापडलं, पोटॅशियम सायनाइड. सरकारी पक्षाचं म्हणणं, नवऱ्याने दिलं. बचावाचं म्हणणं, तिने आत्महत्या केली.

सिनेमात मेलेल्या नवऱ्याने आदल्या दिवशी बायकोशी झालेलं भांडण गुपचूप रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं. कोर्टात ते सगळ्यांसमोर वाजवतात, आणि एका दुपारच्या भांडणावरून अख्ख्या संसाराचा हिशेब मांडला जातो. मंजुश्रीने मागे ठेवली होती पत्रं. बहिणीला लिहिलेली, आणि बीडमधल्या एका मैत्रिणीला. मैत्रिणीचं नाव निकालपत्रात आहे, मी इथे लिहीत नाही. इतकंच सांगतो की ते आपल्या घरांतलं नाव आहे. मारवाडी घरातली नवी नवरी आपलं दुःख, एकटेपण आणि भीती जिला लिहीत होती, ती बीडची एक मुसलमान मुलगी होती. पुढे तिने कोर्टात येऊन साक्षही दिली. मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांमधल्या अशा मैत्र्या इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत. ही एक सर्वोच्च न्यायालयाच्या कागदात राहून गेली.

मंजुश्रीच्या मृत्यूने पुणं हललं. शहरातल्या स्त्रियांनी मोर्चे काढले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. हुंड्यासाठी आणि छळाने मरणाऱ्या सुनांचा प्रश्न तेव्हा देशभर पेटला होता. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, तेव्हा अनेकांना न्याय झाल्यासारखं वाटलं.

१७ जुलै १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली यांचं. सोबत ए. वरदराजन आणि सव्यसाची मुखर्जी. फजल अलींचं घराणं विदर्भाला ओळखीचं असायला हवं. त्यांचे वडील सर सय्यद फजल अली हे राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष. १९५५ मध्ये भंडाऱ्यासह आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करावं अशी शिफारस त्याच आयोगाने केली होती. आणखी एक योगायोग: शाहबानोंचं अपील १९८१ मध्ये ज्या दोन न्यायमूर्तींसमोर आधी आलं आणि ज्यांनी ते मोठ्या पीठाकडे पाठवलं, ते दोघे मुर्तझा फजल अली आणि वरदराजनच.

फजल अलींनी पाच कसोट्या घालून दिल्या. वकिलांच्या भाषेत त्यांना परिस्थितिजन्य पुराव्याचं पंचशील म्हणतात. पहिली, ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती स्वतः पक्की सिद्ध झालेली हवी. दुसरी, सिद्ध झालेल्या गोष्टी फक्त आरोपीच्या अपराधाशीच जुळायला हव्यात. तिसरी, त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. चौथी, दुसरी प्रत्येक शक्यता बाद व्हायला हवी. पाचवी, साखळी इतकी पूर्ण हवी की तो निर्दोष असू शकेल असं म्हणायला वाजवी जागा उरू नये.

या कसोट्यांचं मूळ पुन्हा नागपुरात सापडतं. सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्याच्या निविदेत फेरफार केल्याचा आरोप मध्य प्रांताच्या एका अबकारी अधिकाऱ्यावर आला होता. त्या हनुमंत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली पुराव्याच्या साखळीचा नियम सांगितला. दारूच्या टेंडरमधून निघालेला नियम तीस वर्षांनी एका नवरीच्या मृत्यूला लागला.

त्याच निकालात जुन्या एका निकालाच्या आधाराने एक फरक सांगितला आहे. ‘असेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांच्यातलं अंतर फार मोठं असतं. सारडा खटल्यात न्यायालयाला ‘असेल’ दिसत होतं. सायनाइड नवऱ्याकडे होतं हे सिद्ध झालं नाही. पत्रांमधून दुःख दिसत होतं, पण तेच दुःख आत्महत्येकडेही नेऊ शकत होतं. काही मुद्दे तर जबाब घेताना आरोपीला विचारलेच नव्हते. ज्याचं उत्तर द्यायची संधी दिली नाही ते त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मेलेल्या बाईची पत्रं पुरावा म्हणून घ्यायची की नाही यावरही न्यायमूर्तींचं एकमत नव्हतं. वरदराजन यांच्या मते ती घेता येत नव्हती. फजल अलींनी मात्र सांगितलं की मृत्यूशी जवळचा संबंध असेल तर आधी लिहिलेली पत्रंही मृत्युपूर्व जबानीसारखी धरता येतात. आज कितीतरी मुलींच्या शेवटच्या चिठ्ठ्या, निरोप कोर्टात वाचले जातात, त्यामागे या निकालाचाही हात आहे. म्हणजे ज्या निकालाने आरोपीला सोडलं, त्यानेच मेलेल्या बाईच्या आवाजाला कोर्टात जागा करून दिली.

सिनेमात आणि इथे एक मोठा फरक आहे. फ्रान्सच्या अशा न्यायालयात तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसतात आणि आपल्या अंतःकरणाची खात्री पटली का हे त्यांनी ठरवायचं असतं. आपल्याकडे ज्युरी होती. १९५९ मध्ये नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, आणि पुढे ही पद्धतच गेली. आता न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. ती लिहिलेली असतात म्हणून साठ वर्षांनी अड्याळात बसून मलाही त्यांच्याशी वाद घालता येतो.

हजरत यूसुफ यांचा सदरा

हे सगळं वाचताना मला सूरह यूसुफ आठवते. परिस्थितिजन्य पुरावा त्यात एकदा नाही, दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा घरच्या माणसांमध्येच.

भाऊ यूसुफला (अ.) विहिरीत टाकतात आणि रक्त लावलेला सदरा घेऊन बापाकडे येतात. लांडग्याने खाल्लं म्हणतात. याकूब (अ.) त्यांचं ऐकत नाहीत. मुफस्सिरांनी इथे विचारलं आहे की लांडग्याने माणूस फाडला आणि सदरा तेवढा शाबूत कसा राहिला? पुरावा होता, पण तो बनवलेला होता.

पुढे इजिप्तमध्ये अजीजची बायको यूसुफवर (अ.) आळ घेते. तेव्हा तिच्याच घरचा एक माणूस कसोटी सांगतो. सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. फिकहच्या अभ्यासकांनी ‘करीना’ म्हणजे खुणेवरून केलेल्या अनुमानाला आधार म्हणून ही आयत पुढे केली आहे. मला त्यातली एक बाब विशेष वाटते. त्या माणसाने सदरा तपासण्याआधी दोन्ही शक्यता मांडल्या. कुठली खूण कुणाच्या बाजूने जाईल हे आधी ठरलं, मग सदरा पाहिला. आपण चौकात उभे राहून नेमकं याच्या उलट करतो. निकाल आधी ठरवतो, मग सदऱ्यात भोकं शोधतो.

कुरआनने जास्तीच्या संशयापासून दूर राहायला सांगितलं आहे, काही संशय गुनाह असतात म्हणून. शंका असेल तर हद्दची शिक्षा टाळावी हा फिकहचा प्रसिद्ध नियम. हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेल्या एका रिवायतीचा आशय असा, की न्याय करणाऱ्याने माफीत चूक केलेली शिक्षेत चूक केल्यापेक्षा बरी. फजल अलींनी निकाल लिहिला तो भारतीय पुरावा कायद्याच्या आधाराने. पण आपल्या वाचकाला त्या पाच कसोट्या परक्या वाटायचं कारण नाही.

आपला प्रश्न

आता अवघड भाग. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या मुसलमानांना हा धडा पुस्तकातून शिकावा लागला नाही. ८ सप्टेंबर २००६ ला शबे बरातच्या दिवशी मालेगावच्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले मुसलमान, पकडले गेलेही मुसलमान. नऊ आरोपी २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. त्यांच्यातला एक तोवर हयात नव्हता. मुंबईच्या लोकलमधल्या ११ जुलै २००६ च्या स्फोटांत बारा जणांना दोषी ठरवलं गेलं, पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक चार वर्षांपूर्वी कैदेतच वारला होता. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असं तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. ज्यांची माणसं त्या गाड्यांत मेली त्यांना मात्र कुणीच उत्तर दिलं नाही.

या निकालांवर आपण समाधान मानलं. संशयावर माणसं कोंडू नका, हे आपण इतकी वर्षं ओरडून सांगत होतो. आणि मग दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. आपल्यातल्या अनेकांचा सूर त्या दिवशी बदलला. तपास कुणी ढिला केला, साक्षीदार का फिरले, सरकारने अपिलाची घाई का केली नाही, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, मीही विचारतो. पण ‘संशय एवढा मोठा असताना सोडलं कसं’ हा प्रश्न मला विचारता येत नाही. माझ्या भावाला लागणारी कसोटी माझ्या विरोधकालाही लागते. न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आई-बापाविरुद्ध जात असली तरी द्या, असं सूरह निसामध्ये आपल्यालाच सांगितलं आहे.

हीच गोष्ट आपल्या घरांना लागू होते, तीही दोन्ही बाजूंनी. सून मेली की मोहल्ला एकतर ‘सासरच्यांनी मारलं’ म्हणतो, किंवा ‘घराण्याची बदनामी नको’ म्हणून घाईने मय्यत उरकतो. पहिलं जितकं चूक तितकंच दुसरंही. सारडा खटल्यानंतर कायदा थांबला नाही. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाचं ४९८-अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचा वेगळा गुन्हा झाला. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीने मेली आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर खुलासा करण्याची जबाबदारी सासरवर आली. मोर्च्यांमधल्या बायका हरल्या नव्हत्या. त्यांनी एका आरोपीची फाशी मिळवली नाही, पण पुढच्या मुलींसाठी कायदा मिळवला. फजल अलींचं पंचशील आणि हे कायदे एकमेकांचे वैरी नाहीत. पंचशील सांगतं, शिक्षा पुराव्यावर द्या. हे कायदे सांगतात, पुरावा गोळा करा, बाई मेल्यावर गप्प बसू नका.

लागू खटल्यातली मला सगळ्यात बोचणारी बाब विषाची नाही. दीड वर्ष एक बाई नाहीशी होती आणि पत्रं येत राहिली म्हणून सगळ्यांनी मान्य केलं की ती कुठेतरी सुखात असेल. मंजुश्रीच्या बाबतीत ती जिवंत असताना पत्रं पोहोचत होती. एका घरी भीती पत्राच्या पानावर लिहिलेली होती, आणि तिच्यापर्यंत जायला चार महिनेसुद्धा मिळाले नाहीत. न्यायालयाचं काम मृत्यूनंतर सुरू होतं, आणि ते संशयाने करायचं नसतं. आपलं काम मात्र त्याच्या बरंच आधी सुरू होतं, आणि तिथे थोडा संशय घ्यायला हरकत नाही. मुलगी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली आणि तिचा आवाज वेगळा वाटला, तर पुराव्याची वाट पाहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरावी.